पांढऱ्या रेघेच्या उजवीकडे

नऊ तारीख, गुरुवार, सकाळपासून आभाळ भरलेलं, वारा पार पडलेला, पाऊस म्हणून नाही... आणि असल्या घामट दिवशी माणसानं माणसाला काय सांगावं? ‘जोडा आणि पाहा!’ नाही, मी काय म्हणतो, हे लिहिणाऱ्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा हो! मारणार नाही मी त्याला, मी मारणाऱ्यातला नाही. नुसतं विचारीन, बाबा रे, तू स्वतः कधी जोडलंस का? आणि जोडलंस तर पाहिलंस काय?

तुम्हाला काही कळेना, नाही का? थांबा, सांगतो. एक बोर्ड. शाळेच्या वहीएवढा, हिरवागार, आणि त्यावर मधोमध एक काळी चिप, पोस्टाच्या तिकिटाएवढी. ही चिप करते काय? तर खराब चित्र घेते आणि चांगलं करून देते. टीव्हीवर मुंग्या येतात ना, त्या वेचून काढते. आणि बोर्ड कशाला? तर गिऱ्हाइकाला दाखवायला. पडद्याच्या मधोमध एक पांढरी उभी रेघ. रेघेच्या डावीकडे चित्र जसं आलं तसं, उजवीकडे चिपनं साफ केलेलं. गिऱ्हाईक बघणार, डावीकडे मुंग्या, उजवीकडे लख्ख, आणि म्हणणार, वा वा, कधी पाठवताय? संपलं! बोर्डाच्या खोक्यात चार पानांची पुस्तिका, आणि तिच्या पहिल्याच पानावर, माझ्या अंगठ्याएवढ्या अक्षरांत... जोडा आणि पाहा.

आता मी कोण? मी दुरुस्तीच्या टेबलावरचा माणूस. एकवीस वर्षं. कॉलेजात गेलो नाही. जे काय शिकलो ते बिघडलेल्या वस्तूंकडून शिकलो, आणि त्या फार सावकाश शिकवतात. बुधवारी साहेबांनी एवढंच सांगितलं होतं, उद्या एक बोर्ड येतोय, त्यावर दाखवायला चित्र तयार ठेवा; आणि गुरुवारी सकाळी सव्वानऊला ते खोकं घेऊन माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, “हे बघा, दुपारी चारला बाई येतायत. दुकानातल्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांचे पडदे बनवते त्यांची कंपनी. त्यांना चिप पसंत पडली, तर हे तुमचं टेबल म्हणजे आपली डेमोची जागा, आणि तुम्ही इथले सर्वेसर्वा. नाही पडली...”

इथं साहेब थांबले आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. साहेब चष्मा पुसायला लागले की समजायचं, पुढचं वाक्य आपल्यासाठी आहे.

“...तर एक तारखेपासून तुम्ही गोदामात. दुरुस्तीला हल्ली येतंच काय हो? लोक फेकून देतात.”

गोदाम पाहिलंय का तुम्ही आमचं? नकाच पाहू. वर पत्रा, खाली धूळ, एक पंखा, तोही भिंतीकडे तोंड करून रुसून बसलेला. दिवसभर खोकी इकडून तिकडे. ज्या हातानं केसाएवढ्या तारा जोडल्या त्या हातानं खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या! आणि साहेब जाता जाता काय म्हणतात? “काही नाही हो, सोपं आहे. जोडा आणि पाहा!”

बरं. जोडायला घेतलं. पहिली गंमत, खोक्यातल्या अडॅप्टरची पिन आमच्या भिंतीत जाईना. कुठल्या मुलखातल्या भिंतीसाठी बनवलीय कोण जाणे, तिरकी, चपटी. दुसरा अडॅप्टर शोधला, मीटर लावून तपासला, कारण एक वायर उलटी गेली की चिपचा धूर आणि माझं गोदाम. मग जंपर. जंपर म्हणजे काय, दोन सुयांवर घालायची काळी टोपी, मुंगीच्या बारशा... जाऊ द्या, फार लहान असते एवढं समजा. ती एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी घालायची. मी चिमट्यानं उचलली, श्वास रोखला, आणि बरोब्बर त्याच क्षणी मला शिंक आली! गेली टोपी. मी टेबलाखाली, हातापायांवर, डोळे जमिनीला लावलेले, आणि वरून साहेबांचा आवाज, “काय हो, जोडलं का? पाहिलं का?” पाहतोच आहे म्हटलं साहेब, सकाळपासून पाहण्याशिवाय दुसरं केलंय काय!

टोपी सापडली कुठं? माझ्याच पँटच्या दुमडीत. पाऊण तास गेला.

मग चित्र आलं, ते पांढरं-काळं आणि लिफ्टसारखं वर वर जाणारं. तेही जमवलं. आणि साडेबाराला, अहो साडेबाराला, पडद्यावर चित्र उभं राहिलं! रंगीत, स्थिर, मधोमध ती पांढरी रेघ. मी खुर्चीत मागं टेकलो. पाणी प्यायलो. आणि पाहिलं.

डावीकडे गुलाब. उजवीकडे गुलाब.

डावीकडचा गुलाब सुंदर. उजवीकडचा गुलाब... सुंदर. मी चष्मा लावला. चष्मा काढला. पडद्याला नाक लावलं. मागं भिंतीपर्यंत गेलो. अहो, काडीचा फरक नाही! रेघ पुसली तर कुणी सांगणार नाही की इथं चिप आहे. दीड लाख भागांची ती चिप, तिच्यावर चार पानांची पुस्तिका, आणि करते काय, तर मधोमध रेघ मारते! रेघ तर मीही मारली असती, पट्टी घेऊन!

बोर्ड बंद केला, चालू केला. वायरी बदलल्या. टोप्या मोजल्या. पुस्तिका तीनदा वाचली, एकदा तर शेवटून पहिल्या पानाकडे, म्हटलं न जाणो. शेवटी पुस्तिकेमागच्या मदतीच्या नंबरला फोन केला. तिकडून एक बाई, आवाज असा शांत, जसा काही त्यांच्याकडे कधीच काही बिघडलेलं नाही.

“बोला साहेब, काय अडचण आहे?”

“बाई, डावीकडे आणि उजवीकडे चित्र एकसारखं दिसतंय.”

“बरं. चित्र कुठून देताय?”

आता इथं मला जरा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? म्हटलं, “बाई, मी आदल्या दिवशीच तयारी करून ठेवलीय. बागेतल्या फुलांची डीव्हीडी, बाजारातली सगळ्यात स्वच्छ. ती मऊ कापडानं पुसली. प्लेअर उघडून आतली काच पुसली. वायर घेतली ती सोन्याच्या मुलाम्याची. कुठं म्हणून खरखर राहू दिली नाही.”

मग बाई म्हणाल्या, हळूच, डॉक्टर विचारतात तसं, “साहेब... मूळ चित्र खराब आहे का?”

“खराब कसं असेल? तेच नीट करण्यात माझा काल सबंध दिवस गेला!”

“मग चिपनं काय करायचं?”

...

तुम्हाला सांगतो, माझ्या कानशिलातून वाफ निघाली. एकवीस वर्षं, एकवीस वर्षं समोर आलेली प्रत्येक वस्तू स्वच्छ करायची सवय, आणि ही पहिलीच वस्तू, जिला घाण हवी होती! आजाऱ्याला औषध द्यायला गेलो आणि समोर पहिलवान नेऊन बसवला मी! बाई म्हणाल्या, “एखादं वाईट शूटिंग शोधा साहेब. अंधारातलं, दाणेदार. मग जोडा आणि पाहा.” आणि ठेवला फोन.

दोन वाजून दहा मिनिटं. चारला बाई. दुसऱ्या बाई, गिऱ्हाईक बाई. आता वाईट चित्र आणू कुठून? तुम्हीच सांगा, चांगलं चित्र कुठंही मिळतं, वाईट चित्र मागायला कुणाकडे जायचं? दुकानात जाऊन सांगू, भाऊ, तुमच्याकडचं सगळ्यात भिकार दाखवा? आणि तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर एक चेहरा आला.

मेहुणा.

आमचा हा मेहुणा चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून दिवसभर झटतो, आणि हातात कॅमेरा आला की जगातलं काहीच स्पष्ट राहणार नाही याची काळजी घेतो. नऊ वर्षांपूर्वी सासरे निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या कार्यालयाच्या सभागृहात निरोपाचा समारंभ झाला होता. त्याचं शूटिंग यानं केलेलं. अंधार, हलणारा हात आणि मुंग्या... वारूळ म्हणा ना! लगेच घरी फोन लावला.

“अगं ऐक, बाबांच्या समारंभाचं तुझ्या भावानं केलेलं शूटिंग...”

“अय्या, आठवलं का एकदाचं! काय झालं त्याचं?”

“ते ऑफिसात दाखवायचंय.”

“कुणाला?”

“गिऱ्हाइकांना.”

“खरंच? का हो, एवढ्या सगळ्यांतून त्याचंच का?”

आता काय सांगू? म्हटलं, “त्या शूटिंगमध्ये जे आहे ना, ते दुसरीकडे कुठं मिळणार नाही.”

“बघा! आणि घरी त्याला नावं ठेवता. थांबा, त्याला कळवते.”

“अगं, त्याला म्हणावं नुसता कॅमेरा आणि कॅसेट पाठवून दे, त्यानं यायची...”

फोन बंद.

तीन पस्तीसला मेहुणा हजर. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून बसवलेले, कॅमेरा टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलेला, तान्हं बाळ आणल्यासारखा. “भाऊजी,” म्हणतो, “मला माहीत होतं, कधीतरी कुणीतरी विचारणार.” पिवळी वायर कॅमेऱ्यात खोचली, दुसरं टोक बोर्डात, आणि कॅसेट सुरू केली.

अहाहाहा! काय ते चित्र! डावीकडे नुसता दाणा दाणा दाणा, माणसं कुठली आणि भिंत कुठली, काही पत्ता नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, “अप्रतिम!”

“आहे ना?” मेहुणा म्हणाला.

आणि उजवीकडे? उजवीकडे चेहरे! खुर्च्या! मागच्या घड्याळातले काटे! अहो, एवढीशी चिप, पण काय वेचत होती, काय वेचत होती... सकाळपासून मी तिला उपाशी ठेवलं होतं हो. मला तर भरून आलं.

बरोबर चारला गिऱ्हाईक बाई आल्या. बुटक्या, झपझप चालणाऱ्या, हातात पेन, मागून साहेब पळतायत. साहेबांनी चहाचं विचारलं. बाई म्हणाल्या, “चहा नंतर. आधी चित्र.” बसल्या, पाहिलं, आणि पहिला प्रश्न काय?

“डावीकडचं एवढं वाईट चित्र आणलंत कुठून?”

मी तोंड उघडायच्या आत मेहुणा म्हणतो, “ते वाईट नाही. ते वातावरण आहे.”

“हे कोण?”

“आमचे छायाचित्रकार,” साहेब म्हणाले. साहेबांना काय माहीत? त्यांना वाटलं, मी भाड्यानं आणलाय! “आणि चित्र हलतंय का एवढं?” बाईंनी विचारलं. मेहुणा खाली बघायला लागला. ते विचारायचं नसतं हो. आमच्या घरात ते नऊ वर्षं सगळे विचारतात.

मग बाई म्हणाल्या, “ही रेघ सरकते का?”

सरकते! बोर्डावर एक बटण आहे, ते फिरवलं की रेघ डावी-उजवीकडे जाते. मी मोठ्या रुबाबात फिरवलं. रेघ डावीकडे निघाली, आणि जिथून जिथून जाईल तिथून तिथून माणसं उगवायला लागली. हे सासऱ्यांचे मोठे साहेब, त्यांच्या मिशा. ह्या सासूबाई, हातातल्या घड्याळात बघतायत. आणि रेघ दुसऱ्या रांगेकडे चालली तसं मला एकदम आठवलं, दुसऱ्या रांगेत, भिंतीकडून तिसरा, मी!

आता हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. त्या कॅसेटमध्ये मी कसा दिसतो? मान खाली, रुमाल तोंडावर, खांदे जरा हलतायत. आणि नऊ वर्षं सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “माझा मुलगा कॅमेऱ्याशी खेळत होता, पण जावई बघा, जावई माझ्या भाषणाला रडला! रक्ताचं नातं म्हणजे सगळं नव्हे.” प्रत्येक वेळी मेहुण्यासमोर. आणि मी? मी आपला नम्रपणे जमिनीकडे बघतो. अशा वेळी माणसानं काय करायचं असतं?

रेघ माझ्यावरून गेली.

रुमाल तोंडावर नव्हता. रुमाल मांडीवर पडला होता. तोंड उघडं होतं, हे एवढं. डोळे मिटलेले. खांदे हलत होते ते घोरण्यानं.

पडद्यावर सासरे हात वर करून म्हणत होते, “...आणि मित्रहो, हा क्षण मी कधीही...”

मेहुणा खुर्चीतून उठला. पडद्याजवळ गेला. माझ्याकडे वळला. नुसतं म्हणाला, “भाऊजी!”

तेवढ्यात बाईंनी पेन टेबलावर आपटलं. “थांबवा! रेघ परत उजवीकडे घ्या. हां. आता हा माणूस काय करतोय?”

“रडतोय,” साहेब म्हणाले.

“डावीकडे घ्या. आता?”

“झोपलाय.”

“हेच तर!” बाई म्हणाल्या. “आमच्या गिऱ्हाइकाला हेच हवं असतं. पहारेकरी जागा आहे की नाही! पण माझी शंका वेगळी आहे. ही चिप मुंग्या काढता काढता स्वतःच्या मनानं चित्र तर काढत नाही? तोंड बंदच असेल आणि हिनं उघडं रंगवलं असेल तर? उद्या एखाद्या बिचाऱ्याची नोकरी जायची. हा माणूस खरंच झोपला होता, हे खात्रीनं कोण सांगेल?”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आणि चष्मा काढला.

आता बघा माझी परिस्थिती! ‘नाही, रडत होता’ म्हणालो, तर चिप खोटी आणि मी गोदामात, पत्र्याखाली, त्या रुसलेल्या पंख्याशेजारी. ‘झोपला होता’ म्हणालो, तर समोर मेहुणा, आणि मेहुण्याच्या मागं सबंध सासर! नऊ वर्षांची पुण्याई! जावईबापू, या बसा, जावईबापूंना पंख्याखाली बसवा... सगळं त्या एका रुमालावर उभं होतं हो! मी पडद्याकडे बघितलं. बोर्डाकडे बघितलं. ती चिप बिचारी गरम झाली होती, इमानानं वेचत बसली होती. दिवसभरात खरं बोलणारी ती एकटीच.

म्हटलं, “बाई, झोपला होता.”

“तुम्हाला काय माहीत?”

“कारण तो मी आहे. त्या सभागृहाचा लाउडस्पीकर बिघडला होता. आदल्या रात्रभर जागून मीच तो दुरुस्त केला. इतका चांगला केला की भाषण एक तास दहा मिनिटं चाललं. मला शेवटच्या टाळ्यांना जाग आली. तोंड उघडं होतं. घसा कोरडा पडलेला अजून आठवतोय.”

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मेहुणा मात्र माझ्याकडे बघतच होता. मला वाटलं, आता हा नाचणार. नऊ वर्षांचा हिशेब! पण तो म्हणाला काय? अगदी हळू म्हणाला, “भाऊजी, मी डोळे पुसायला एक हात काढला होता. एका हातात कॅमेरा राहत नाही. म्हणून हलला तो.”

मी त्याला पाणी दिलं.

अर्थात पाणी पिऊन झाल्यावर त्यानं विचारलं, “ऑफिसचा फोन कुठं आहे?” शेवटी मेहुणा आहे तो!

सोमवारी सकाळी साडेदहाला सासरे आले. स्वतः. काठी टेकत, मागं आमची ही, तिच्या मागं मेहुणा. मला हाकही मारली नाही. खुर्चीत बसले, म्हणाले, “दाखवा.” मी कॅसेट लावली. रेघ सरकवली. मी आलो. तोंड उघडं. सासऱ्यांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं. ही पदराशी चाळा करत होती आणि मला डोळ्यांनी म्हणत होती, घरी या तुम्ही.

मग सासरे म्हणाले, “ती रेघ सरकवा.”

“इकडे?”

“पलीकडे. अजून. अजून... पार कडेला.”

रेघ उजव्या कडेला जाऊन बसली. सबंध पडद्यावर नुसत्या मुंग्या. सासरे काठीवर हनुवटी टेकून बसले आणि स्वतःचं भाषण त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, एक तास दहा मिनिटं. मी जागा होतो, शप्पथ! संपल्यावर उठले, दारापाशी साहेब उभे होते, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “उजवीकडची चिप काही खरी नाही हो. डावीकडची चांगली आहे. ती विका.”

बाईंनी दोनशे चाळीस चिपा घेतल्या. माझं टेबल डेमोची जागा झालं. बाईंना दुसरी कुठली कॅसेट पटली नाही, म्हणून साहेबांनी तीच कायमची ठेवून घेतली. आजवर एकोणचाळीस गिऱ्हाइकांना मी स्वतः रेघ सरकवून दाखवलं आहे.